थँक्सगिव्हिंग ते नवीन वर्ष: धावणं टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 42, राहायला मध्य न्यू जर्सीत. मार्चमध्ये धावायला लागलात, ऑक्टोबरमध्ये पहिली हाफ मॅरेथॉन पूर्ण केलीत. आता दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकेतला सण) आलं. सासू-सासरे भारतातून आलेत, गुरुवारी घरी पंधरा माणसं जेवायला, पुढे ऑफिसच्या पार्ट्या आणि डिसेंबरच्या मध्यावर तीन आठवडे पुण्याला. एप्रिलमध्ये दुसरी हाफ करायची आहे. कमावलेलं सगळं या दोन महिन्यांत जाईल का, आणि जाऊ नये म्हणून नेमकं काय करायचं?

जात नाही. मात्र एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. हे आठवडे टिकवण्याचे आहेत, वाढवण्याचे नाहीत. मी इथे बरीच वर्षं नवशिक्यांना धावायला शिकवते. नोव्हेंबरच्या शेवटी ‘रोज पाच मैल’ असा नेम धरणारे दर वर्षी भेटतात आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटेपर्यंत त्यातले बहुतेक पूर्ण थांबलेले असतात. एक दिवस चुकतो, मग नेम मोडलाच आहे तर आता जानेवारीतच बघू, असं होतं. त्यापेक्षा कमी ठरवा आणि ठरवलेलं करा.

किती कमी चालेल, हे अंदाजाने सांगायची गरज नाही. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या रॉबर्ट हिक्सन यांनी 1980च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात यावर सलग काम केलं. लोकांकडून त्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. मग पुढचे पंधरा आठवडे एका वेळी एकच गोष्ट कमी केली. काही जणांचे दिवस सहावरून चार किंवा दोन केले; शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता टिकून राहिली. काही जणांची वेळ 40 मिनिटांवरून 26 किंवा 13 मिनिटांवर आणली; तरीही ती क्षमता टिकली. पण जोर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश कमी केला, तेव्हा दिवस आणि मिनिटं तेवढीच असूनही ती घसरली. दिवसाला 13 मिनिटंच करणाऱ्यांची लांब पल्ल्याची दमछाक मात्र वाढली, म्हणून हाफ मॅरेथॉन करणाऱ्याने सगळंच छोटं करून चालत नाही.

पूर्ण थांबलात तर काय होतं, तेही मोजलेलं आहे. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांच्या 1984च्या अभ्यासात उत्तम सराव असलेल्या लोकांनी व्यायाम बंद केला, तेव्हा हीच क्षमता 21 दिवसांत 7 टक्के आणि 56 दिवसांत 16 टक्के खाली आली. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त बाहेर टाकतं ते कमी झाल्यामुळे होती. म्हणजे चार-पाच दिवस पाहुण्यांच्या गडबडीत गेले तर काहीही बिघडत नाही, तीन आठवडे सलग गेले तर मात्र जानेवारीत पहिल्या चढावरच धाप लागते.

तेव्हा तुमच्यासाठी आठवडा असा. एकूण तीन रन. एक रन 25-30 मिनिटांचा, त्यात मध्ये सहा वेळा एक मिनिट जोरात आणि एक मिनिट सावकाश. जोरात म्हणजे एखाद-दुसरा शब्द बोलता येईल, वाक्य पूर्ण करता येणार नाही, एवढा. दुसरा रन अर्ध्या तासाचा, गप्पा मारता येतील अशा पेसने. तिसरा शनिवार-रविवारी, 60 ते 70 मिनिटं. तुमचं अंतर ऑक्टोबरच्या मानाने निम्म्यावर येईल, येऊ द्या. एखाद्या आठवड्यात दोनच रन जमणार असतील तर मधला सोडा. जोराचा आणि लांबचा ठेवा. लोक नेमकं उलट करतात. थंडी, कंटाळा, डोक्यात शंभर कामं, मग ‘निदान सावकाश का होईना’ म्हणत तीन इझी रन करतात आणि महिनाभराने पेस का पडला म्हणून विचारतात.

थँक्सगिव्हिंगपासून 1 जानेवारीपर्यंत रोज किमान एक मैल धावायची प्रथाही इथे अनेकजण पाळतात. ज्यांच्या पायात चार-पाच वर्षांचं धावणं आहे त्यांना ती छान जमते. तुमचं हे पहिलंच वर्ष आहे. फुप्फुसं आणि हृदय काही महिन्यांत तयार होतात, टाचेमागची शीर आणि नडगीचं हाड यांना जास्त वेळ लागतो. तुम्हाला मी ती सुचवणार नाही.

आता गुरुवार. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ‘त्या दिवशी तर विषयच नाही, सगळं माझ्यावरच असतं.’ त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ज्या बायका नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धावणं सोडतात, त्यातल्या बहुतेकींचं कारण थंडी नसतं. घरी माणसं आली की पहाटेचा तास त्यांच्या हातातून पहिला जातो, चहा-नाश्ता, मुलं, भाज्या चिरणं, आणि नवऱ्याचं जिम मात्र चालू असतं. हे आधी, बुधवारच्या रात्री, मोकळेपणी बोलून ठरवा. ‘उद्या सकाळी साडेसात ते नऊ मी घरात नाही, चहा आणि उपमा तू बघ.’ सासूबाईंनाही आदल्या दिवशीच सांगा. ऐनवेळी बूट घालून दारात उभं राहिलं की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, आधी सांगितलं की बहुतेक वेळा त्याच म्हणतात, ‘जा तू, आम्ही आहोत.’ घरी टर्की करणार असाल तर अजून एक मोकळी वेळ आपोआप मिळते. बारा-पंधरा पौंडांची टर्की 325 अंश फॅरनहाइटला तीन ते चार तास ओव्हनमध्ये असते. घरात कुणीतरी मोठं माणूस असलं की झालं.

आणि त्या सकाळी जमलं तर टर्की ट्रॉटला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सकाळच्या रेसला, जाच. संपूर्ण अमेरिकेत वर्षभरात सर्वाधिक लोक रेस धावतात तो हाच दिवस. न्यू जर्सीत तर जवळपास कुठे ना कुठे 5के, म्हणजे पाच किलोमीटरचा रन, असतोच. ही प्रथा मॅरेथॉनच्या वेडापेक्षाही जुनी आहे. बफेलो शहरात वायएमसीएने पहिली टर्की ट्रॉट भरवली 1896मध्ये, बॉस्टन मॅरेथॉनच्याही काही महिने आधी, आणि ती आजतागायत चालू आहे. पहिल्या वर्षी सहाजण धावले, चौघांनीच रेस पूर्ण केली. एकाला उशिरा केलेली न्याहारी भोवली, अशी नोंद आहे. कनेक्टिकटमधल्या मँचेस्टरची थँक्सगिव्हिंग रेस 1927ची, अंतर 4.748 मैल. 1961मध्ये ज्युलिया चेस ही कॉलेजातली मुलगी तिथे पुरुषांबरोबर धावली, तेव्हा बायकांना रस्त्यावरच्या अशा रेसमध्ये उतरू देत नव्हते. आज त्याच सकाळी आजी, आई, नात एकाच रंगाचा बिब (छातीवरचा नंबराचा कागद) लावून उभ्या असतात. त्या गर्दीत उभं राहिलं की मला दर वेळी भरून येतं.

तिथलं एक चित्र सांगते, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. साडेसातची वेळ, गवतावर दव गोठलेलं. लोक गाडीचा हीटर लावून अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत आत बसतात. मग धावत येऊन बिब लावायला लागतात, बोटं इतकी बधिर की सेफ्टी पिन उघडत नाही. बिब कसाबसा लागतो, शिट्टी होते आणि हा माणूस गार पोटऱ्यांनी एकदम सुटतो, शेजारी टर्कीची टोपी घातलेला बारा वर्षांचा मुलगा पुढे गेला म्हणून आणखी जोरात. पहिल्या मैलाच्या आत पोटरी धरून बाजूला उभे राहिलेले लोक मी दर वर्षी बघते. तुम्ही बिब घरीच, आदल्या रात्री, सगळ्यात वरच्या टी-शर्टला लावून ठेवा. पंचवीस मिनिटं आधी गाडीतून उतरा. दहा मिनिटं हळू जॉगिंग, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवा, चार वेळा वीस-वीस सेकंद थोडा वेग वाढवून धावा. बाबागाडीवाले आणि चालणारे मागे उभे राहतात, जोरात धावणारे पुढे. तुम्ही मधे थांबा. पहिला मैल राखून धावा, शेवटचा मैल आवडेल तसा. हीच तुमची त्या आठवड्यातली जोराची धाव झाली, वेगळी करायची नाही.

खाण्याचं बफेलोच्या त्या माणसासारखं होऊ देऊ नका. रेसच्या दीड-दोन तास आधी एक केळं किंवा ब्रेडचा एक स्लाइस, थोडं पाणी, नेहमीचा चहा-कॉफी. रात्रीची भाजणीची चकली आणि शेव सकाळी चालणार नाही, तळलेलं पोटात रेंगाळतं. भरपेट जेवणानंतर निदान तीन-चार तास धावायचं नाही.

सासरे बरोबर येतो म्हणाले तर आनंदाने न्या, चालायला. साठी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाने थंडीत अचानक पळत सुटणं धोक्याचं आहे. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. छातीत आवळल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि 911ला फोन करायचा. ‘गॅसेस असतील’ म्हणून घरी येऊन आडवं पडायचं नाही. आपल्या लोकांत हृदयविकार लवकर गाठतो, म्हणून हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे. खाल्लेलं ‘फेडायला’ धावू नका. साधा हिशेब आहे: किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे जवळपास एक कॅलरी. साठ किलोच्या बाईला 5के म्हणजे 300 कॅलरी, आणि पंपकिन पाय या भोपळ्याच्या गोड पदार्थाचा एक बऱ्यापैकी तुकडा, वर क्रीम, तेवढा सहज भरतो. त्या गणिताने धावायला लागलात तर धावणं शिक्षा होते आणि जेवण गुन्हा. पंक्तीला बसा, पुरणपोळीवर तूप घ्या, क्रॅनबेरी सॉस आवडत असेल तर तोही घ्या. सणांमध्ये वजन पाच पौंड वाढतं हा समजही खरा नाही. 2000 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात 195 लोकांचं वजन या सुट्ट्यांत सरासरी 0.37 किलोने वाढलं, पाऊण पौंडाच्या आसपास. काळजीची बाब एवढीच की ते पुढच्या वर्षभरात उतरलं नाही. तेव्हा एका दिवसाच्या ताटापेक्षा पुढचे पाच आठवडे घरात उरलेला फराळ आणि पंपकिन पाय येता-जाता तोंडात टाकणं जास्त महागात पडतं.

त्या दिवशी जेवणानंतर मात्र सगळ्यांना उठवा. वीस मिनिटं, गल्लीतच, जॅकेट चढवून. जेवल्यावर थोड्याच वेळात चाललं की रक्तातली साखर कमी चढते. ज्यांना मधुमेह आहे किंवा काठावर आहे त्यांना याचा फायदा लगेच दिसतो. सूर्य साडेचारलाच मावळतो, तेव्हा दुपारचं जेवण असेल तर उजेड असतानाच निघा. जेवणानंतर पेंग येते ती टर्कीमुळे, असं इथे सगळे म्हणतात. टर्कीत झोप आणणारं द्रव्य कोंबडीपेक्षा काही जास्त नसतं, भरलेलं पोट आणि वाइन पुरेशी असते. दारूबद्दल एवढंच: प्यायलेल्या रात्रीच्या दुसऱ्या सकाळी जोराचा रन नको. जास्त पिण्यामुळे हृदयाची लय बिघडण्याला डॉक्टर ‘हॉलिडे हार्ट’ म्हणतात, ते उगाच नाही.

अंधार आणि थंडी यांची सवय होते, पण तयारी लागते. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेल्यावर ऑफिस सुटेपर्यंत मिट्ट काळोख असतो. त्यामुळे आठवड्यातले दोन रन लंच अवरमध्ये जमतात का बघा. ऑफिसमध्ये शॉवर नसेल तरी अर्ध्या तासाच्या थंडीतल्या रनला फारसा घाम येत नाही. काळोखात धावायचंच असेल तर चमकणारं जॅकेट, डोक्याला दिवा, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबत. नोव्हेंबरात हरणांचा माजाचा काळ असतो, पहाटे आणि संध्याकाळी ती रस्त्यावर धाडकन आडवी येतात आणि त्यांना चुकवताना गाड्या कडेला वळतात. हेडफोन कानात घालू नका. वीकेंडच्या लांब रनसाठी डेलावेअर अँड रॅरिटन कनालची वाट उत्तम. सपाट, बारीक खडीची, गाड्या नाहीत, पायांना मऊ.

कपडे असे घाला की दारातून बाहेर पडताना थोडं गार वाटेल. थर्मामीटरवर आहे त्यापेक्षा 15-20 अंश फॅरनहाइट जास्त आहे असं समजून. 40 अंशाला एक लांब बाह्यांचा टी-शर्ट, टाइट्स आणि पातळ ग्लोव्ह्ज पुरतात. सुती बनियन नको, ते घामाने ओलं होऊन अंगाला चिकटून राहतं. 25 अंशाच्या खाली दुसरा थर, कान झाकणारी पट्टी, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी नाका-तोंडावर बफ (गळ्यातून वर ओढायची कापडी पट्टी); गार कोरड्या हवेने श्वासनळ्या आकसतात. पाऊस पडून रात्री गोठलं असेल तर रस्ता नुसता ओला वाटतो, प्रत्यक्षात वर काचेसारखा बर्फ असतो. त्या दिवशी ट्रेडमिल. मनगट मोडून घेण्याइतकं कुठलंच रनिंग महत्त्वाचं नाही.

पुण्याचे तीन आठवडे तुम्हाला अडचण वाटतात, मला ते वरदान वाटतात. विमानातून उतरल्यावर पहिला दिवस फक्त चाला. पाय सुजलेले असतात, अंगात पाणी कमी असतं. तिकडे आपण साडेदहा तास पुढे, म्हणजे पहिले काही दिवस पहाटे तीनलाच डोळे टक्क उघडे. बाकीचे लोक कूस बदलत पडतात. तुम्ही साडेपाच-सहाला बाहेर पडा. डिसेंबरातली पुण्याची पहाट धावायला इतकी सुंदर असते की न्यू जर्सीतल्या माणसाला स्वर्गच. वेताळ टेकडी जवळ असेल तर आठवड्यातला जोराचा रन तिथेच करा: चढ जोरात, उतार चालत, सहा-सात वेळा. टेकडीवर त्या वेळी रोजची चालणारी मंडळी असतात, त्यामुळे एकटं वाटत नाही. कोथरूड-औंधच्या रस्त्यांवर मात्र फुटपाथ मधेच संपतो आणि स्कूटर उलट्या बाजूने येते, म्हणून रस्त्यावर वेग नको. कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा, हळू चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, उद्यावर टाकायचं नाही.

हवेकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ खाली साचून राहते. फोनवर हवेचा निर्देशांक 150च्या वर दिसला तर जोराचा रन पुढे ढकला किंवा घरात जिना चढा. लग्नसराई असेल, चार ठिकाणी जेवायला जायचं असेल, त्यात सकाळचा अर्धा तास कुणी मागत नाही. संध्याकाळ मात्र तुमची नसते, तेव्हा ‘संध्याकाळी बघू’ असं ठरवूच नका.

सर्दी झाली तर? नाक वाहतंय, घसा खवखवतोय एवढंच असेल तर इझी रन चालतो. ताप, अंगदुखी, छातीत कफ, जुलाब असतील तर पूर्ण विश्रांती, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस नुसतं चालणं.

रनिंगच्या जोडीला घरातच ताकदीचं थोडं करा. ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन पायांवर, जमलं की एकेका पायावर, पंधरा-पंधराचे तीन सेट. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत संपतं. भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसणं, तीस-चाळीस सेकंद. आठवड्यातून दोनदा. एप्रिलमध्ये शेवटच्या तीन मैलांत याचाच उपयोग होणार आहे.

तुम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत याल. हाफचा बारा आठवड्यांचा प्लॅन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू केलात तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरतो. त्यामुळे परतल्यावर पहिला आठवडा फक्त इझी, तीन वेळा 30-35 मिनिटं, कारण जेट लॅग उलटा लागलेला असतो आणि बाहेर कडाक्याची थंडी. दुसऱ्या आठवड्यात वीकेंडचा रन 75 मिनिटांवर न्या आणि एक-एक मिनिटाचे जोराचे भाग परत घ्या. त्यानंतरच्या सोमवारी प्लॅनचा पहिला दिवस लावा.